ताडपत्रीची निगा



आकाशात ढग भरून आले, वारा सुटला, की आपल्याला ताडपत्रीची आठवण होते. मग गोठ्याच्या माळ्यावर कोंबलेला तो गठ्ठा ओढून काढायचा, उलगडला की त्याला चार भोके दिसायची, आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे. खरं सांगू का? त्यातली दोन भोके तरी आपणच पाडलेली असतात, आणि तीही पावसात नव्हे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात.

माझ्यावरच आलेला प्रसंग सांगतो. सोयाबीन मळून खळ्यावर रास केली होती आणि परतीच्या पावसाने रात्री गाठले. आम्ही घाईघाईने ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले आणि निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तो राशीच्या मध्यावर खोलगट जागी घागरभर पाणी साचलेले, आणि त्या खळग्यात टाचणीच्या टोकाएवढी भोके. रात्रभर थेंब थेंब पाणी खाली झिरपत होते. वरचे सोयाबीन हाताला कोरडे लागे. आत हात घातला तर गरम वाफ. दोन पोती माल काळा पडला.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ताडपत्रीवर पाणी साचू देऊ नये. राशीच्या मधोमध वासा किंवा भरलेली पोती रचून उंचवटा करावा, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनी ओघळून जाते. राशीभोवती चर काढावा. आणि पाऊस उघडला की ताडपत्री लगेच काढावी. ओलसर धान्य झाकून ठेवले तर ते आतल्या आत घामेजते. तो घाम ताडपत्रीला खालून लागतो आणि पुन्हा मालावरच ठिबकतो. कांद्याचेही तेच.

आता उन्हाविषयी. पूर्वी ताडपत्री म्हणजे मेणवलेले जाड सुती कापड असे. हल्ली बहुतेकांकडे आहे ती विणलेल्या प्लास्टिकची, वर पातळ लेप दिलेली. ऊन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या किरणांनी तुटतात. म्हणूनच कारखान्यात त्यात उन्हाला रोखणारे द्रव्य मिसळतात, पण तेही हळूहळू खर्ची पडते. ताडपत्रीवरून बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, किंवा लेपाचे पापुद्रे निघू लागले, की समजावे, हिचे दिवस भरत आले. अशी ताडपत्री धान्यावर घालू नये. सरपणावर, शेणखतावर चालेल. तिच्या चिंध्या होईपर्यंत मात्र शेतात ठेवू नका, त्या मातीत मिसळल्या की निघत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास बीडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांचे छप्पर म्हणजे कोपीवरची ताडपत्रीच. थंडी, ऊन, अवकाळी पाऊस, सारे तिच्यावर. चांगली ताडपत्री असेल तर तिच्यावर एखादी जुनी, फाटकी ताडपत्री पसरा. ऊन जुनीने खावे. आणि चूल कोपीबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून मांडा. हे प्लास्टिक पेटले म्हणजे जळते थेंब खाली पडतात, आणि आत लेकरे निजलेली असतात.

बांधतानाही पुष्कळ ताडपत्र्या फाटतात. काठाला धातूच्या कड्या बसवलेली भोके असतात, त्यांना आपण डोळे म्हणतो. वारा भरला की सारा हिसका त्या डोळ्यांवर येतो. ट्रॉलीवर ताडपत्री आवळताना दोरीऐवजी जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या वापरून पाहा. त्या ताणतात आणि पुन्हा आखडतात, म्हणून डोळा उपटत नाही. उपटलाच, तर त्या जागी खालून एक गुळगुळीत गोटा धरावा आणि वरून त्याच्या गळ्याशी दोरी बांधावी. डोळ्यापेक्षा ती गाठ टिकते, बरं का!

भोकावर ठिगळ लावायचे, तर सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन या प्लास्टिकला नीट धरत नाही. ताडपत्रीसाठी मिळणारी चिकटपट्टी आणावी, जागा धुऊन पूर्ण सुकवावी, आणि पट्टी दोन्ही अंगांनी लावावी. सुती ताडपत्री चांभाराकडून शिवून घ्यावी आणि टाक्यांवर मेण घासावे. तिला साबण-सोड्याने धुऊ नये, मेण निघून जाते. आणि ओली तर कधीच घडी करू नये; आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके उठतात. डिझेलच्या डब्याशेजारी किंवा बॅटरीजवळ ठेवू नये, आणि उंदरांपासून उंचावर टांगावी.

गुरुजनहो, आता तुमच्यासाठी एक काम. ताडपत्री विकताना जीएसएम सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. समजा, ताडपत्री १८ बाय २४ फूट आहे. तिचे क्षेत्रफळ ४३२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४० चौरस मीटर. दुकानदार २५० जीएसएम म्हणाला, तर तिचे वजन जवळजवळ १० किलो भरले पाहिजे. काट्यावर ७ किलोच भरली, तर ती पावणेदोनशेची निघाली. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित सहज जमेल. त्यांना वडिलांबरोबर बाजारात पाठवा. शिवाय आयएस ७९०३ हे भारतीय मानकाचे आकडे त्यावर आहेत का, तेही पाहायला सांगा.

घरी असलेली ताडपत्री तपासायची ती वैशाखात, भर दुपारी. दोन माणसांनी ती डोक्यावर ताणून धरावी आणि एका मुलाने खाली उभे राहून वर पाहावे. जिथे जिथे भोक असेल तिथे चांदणी चमकेल. तिथे खडूने गोल करावा, आणि त्याच आठवड्यात ठिगळ लावून घ्यावे.