उपासाआडचा आजार

(अकोला येथील महिला मेळाव्यात अमरावतीच्या एका डॉक्टर मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. दहाएक वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातल्या एका गावाहून एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन अमरावतीला माझ्याकडे आली. "डॉक्टरीणबाई, पोरगी जेवतच नाही. दोन घास खाल्ले का उठते. पाळी बी चार महिने झाले, आली नाही." मुलगी हडकुळी, हात थंडगार, पण बोलायला हुशार. "मले भूकच लागत नाही, पोट भरल्यासारखं वाटते," म्हणाली. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. सणाला पुरणपोळ्या हीच करायची, सगळ्यांना आग्रहानं वाढायची, आणि स्वतःचं ताट तसंच ठेवायची. आई हे कौतुकानं सांगत होती.

मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटलं, "बारावीचं टेन्शन आहे, होईल बरी." तीन महिन्यांनी ती वर्गात चक्कर येऊन पडली. तेव्हा तिची नाडी मिनिटाला 44 होती. त्या पहिल्या भेटीत जेवताना तिच्या मनात काय येतं, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

का विचारला नाही? कारण आपल्याकडे मुलीनं कमी खाणं ही बातमीच नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, उपास करते आणि त्याचं पुण्यही तिच्याच नावावर जमा होतं. शिवाय आमच्या अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. उपासमार म्हटली की धारणी, चिखलदऱ्याची गरिबी आठवते. ती खरीच आहे. पण घरात धान्याची कोठी भरलेली असताना घास घशाखाली न उतरणं हीही उपासमारच आहे, आणि तिनंही माणूस मरतं. मनाच्या आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ज्या थोड्या आजारांत होतात, त्यांत हा एक आहे. काही मुली हृदय बंद पडून जातात, काही आत्महत्या करतात.

या आजाराची मुख्य रूपं तीन. पहिलं ॲनोरेक्सिया: खाणं इतकं कमी की वजन धोकादायकरीत्या उतरतं, आणि त्याची काळजी मात्र त्या व्यक्तीला वाटत नाही. दुसरं बुलिमिया: थोड्या वेळात भरमसाट खाणं, आणि मग घाबरून उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा कडक उपास. यात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तिसऱ्यात ताबा सुटून खाणं असतं, पण नंतर काढून टाकणं नसतं. उरते फक्त शरम. हे आजार मुलांनाही होतात, मुलींमध्ये जास्त दिसतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा मुलीला जाड होण्याची भीती वाटते. पण 1995 साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं वजन खूप उतरलं होतं, पाळी बंद होती, उलट्या होत्या, अन्न नको होतं. पण आपण जाड आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. आपल्या पोरी पोटाची तक्रार सांगतात, देवाचं नाव सांगतात. "मला बारीक व्हायचंय" हे वाक्य ऐकायची वाट पाहणारा डॉक्टर चुकणारच. मी चुकले.

मग ओळखायचं कसं? वजन झपाट्यानं उतरणं, पाळी थांबणं, थंडी सहन न होणं, केस गळणं आणि अंगावर बारीक लव येणं, चक्कर. उलट्या काढणारीच्या गालांखाली सूज, किडलेले दात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. जेवण झालं की लगेच न्हाणीघरात जाणं. उपासाची यादी वाढत जाणं, आणि उपास सुटल्यावरही न जेवणं. वजनाचा एक अंदाज सांगते: 150 सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ बाईचं वजन साडेएकेचाळीस किलोच्या खाली गेलं तर ते कमी समजतात. पण मूळची जाड मुलगी झपाट्यानं उतरली, तर वजन "बरोबर" दिसत असतानाही ती गंभीर आजारी असू शकते.

निदान बोलण्यातून होतं. मुलीला एकटीला बसवून विचारावं लागतं. रक्ततपासणी लागते ती क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह अशी दुसरी कारणं नाहीत ना हे पाहायला, आणि पोटॅशियम व हृदयाचा आलेख बघायला. पोटॅशियम उतरलं तर हृदय अचानक दगा देतं.

उपचारातली पहिली गोष्ट अन्न. पण एकदम ताटभर नाही. मेळघाटात काम केलेल्या नर्सबाईंना हे ठाऊक असतं: फार उपाशी असलेल्या मुलाला आधी थोडं थोडंच देतात, कारण एकदम भरवलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. तोच नियम इथे. नाडी फार मंद असेल, मुलगी बेशुद्ध पडत असेल, तर रुग्णालयातच ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट घर. लहान वयाच्या मुलींमध्ये आईबापांनी जेवणाची जबाबदारी काही महिने स्वतःकडे घेऊन, न रागावता, रोज शेजारी बसून भरवणं हा आजवरचा सगळ्यात उपयोगी ठरलेला उपचार आहे. यात बापानंही बसायचं. ही काही एकट्या आईची ड्यूटी नाही. बुलिमियात विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत आणि काही औषधं उपयोगी पडतात. ॲनोरेक्सियावर मात्र अजून खात्रीचं औषध नाही.

त्या मुलीला बरं व्हायला दीड वर्ष लागलं. वजन वाढल्यावर ती बोलायला लागली. मोठ्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी "पोरगी जाड आहे" म्हणून नकार दिला होता, ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. त्याच महिन्यात उपास सुरू झाले. प्रत्येकीच्या आजारामागे असा एकच प्रसंग नसतो. स्वभाव असतो, आनुवंशिकता असते. पण दाराआडची पोर ऐकत असते, एवढं लक्षात ठेवा.

मैत्रिणींनो, उपास सोडा असं मी म्हणत नाही. उपास करणाऱ्या पोरीची पाळी विचारा, वजन बघा, तिच्यासोबत ताटावर बसा. शंका आली तर थांबू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे मानसोपचाराचे डॉक्टर विचारा. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोनही आहे, पैसे लागत नाहीत. आणि पुढच्या वेळी कोणाच्या घरी मुलगी पाहायला गेलात, तर तिच्या अंगावर एक शब्दही बोलू नका. एवढं तर आपल्या हातात आहे.