सुट्टीतले पाहुणे आणि आपली मुले



वर्धापनदिनी आम्ही दोन शब्द बोलावेत अशी कमिटीची आज्ञा झाली. विषय मात्र आम्ही मागून घेतला. गेल्या महिन्यात विहाराकडे एक पत्र आले आहे, ते आपणांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. परदेशातील कॉलेजची दहा-बारा मुले-मुली सुट्टीत दोन आठवडे इकडे येऊ म्हणतात. आपल्या अभ्यासवर्गातल्या आणि वीटभट्टीवरच्या गरीब मुलांना इंग्रजी शिकवतील, खेळ घेतील, भिंती रंगवतील. या सहलीसाठी ती एका कंपनीला पैसे भरतात. कमिटीत दोन तट पडले. "फुकट शिकवतात तर नको कशाला म्हणायचं?" असे काही जण म्हणाले. पोरे मनाने चांगली असतात, यात आम्हालाही शंका नाही.

पण असे पाहुणे आपल्याकडे एकदा येऊन गेलेत. आठ दिवस होते. नाच झाला, गाणी झाली, फोटो तर विचारूच नका. त्यांनी रंगवलेली भिंत पावसाळ्यात पोपडे धरून सुटली, मग आपल्याच वस्तीतल्या रंगाऱ्याला मजुरी देऊन ती पुन्हा करून घेतली. असो, भिंतीचे काही नाही. दुसरीतली एक मुलगी त्यांतल्या एका ताईच्या मांडीवरून उठायची नाही. ताई गेल्यावर दर रविवारी ती दारात उभी. "गुरुजी, ताई कवा येणार?" दिवाळीपर्यंत विचारत होती. नंतर विचारायचं बंद केलं, आणि नवीन कोणी शिकवायला आलं की मागे जाऊन बसायला लागली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात आमचीही चूक होती. तेव्हा होकार आम्हीच दिला होता.

बाहेरच्या देशांत हे प्रकरण फार पुढे गेले. कंबोडियात पर्यटक वाढले तसे अनाथाश्रम वाढले. २०११ च्या सुमारास युनिसेफने लक्ष वेधले, की त्या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. नेपाळात दलालांनी डोंगरातल्या आईबापांना शाळेची आशा दाखवून मुले खाली आणली. पाहुण्यांना दाखवायला अनाथ हवेत, म्हणून अनाथ तयार केले! २०१८ साली ऑस्ट्रेलियाने कायदा करताना हा प्रकार आधुनिक गुलामगिरीत मोजला, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याबद्दल चिंता व्यक्त केली.

आता साताऱ्याकडेच पाहा. १८९६ मध्ये माता भीमाबाई येथे वारल्या तेव्हा बाळ भीमराव अवघे पाच वर्षांचे. घरची ओढाताण होतीच. पण मुलांना आत्या मीराबाईंनी पोटाशी धरले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. आईवेगळे मूल होते, पण घर होते. आज आपल्या वस्तीत अशी आत्या, अशी आजी कमी नाही. तिला हातभार हवा. एक पालक गमावलेल्या मुलासाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून दरमहा २२५० रुपये झाले. अर्ज भरायला कुणी बसत नाही, ही रड आहे.

परक्यांनी येऊच नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमची निम्मी नोकरी सांगलीत झाली. मिरजेला जाता-येता वानलेसवाडी लागते. डॉ. वानलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उघडले आणि १९२८ पर्यंत काम केले. सुट्टीत आले नव्हते! १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून पुण्यात आलेले लोकमित्र इथलेच होऊन राहिले. आणि ज्यांना येणे जमत नव्हते त्यांनी काय केले? १९८० मध्ये तिकडे जी संस्था निघाली, जी पुढे करुणा ट्रस्ट झाली, तिचे स्वयंसेवक संध्याकाळी आपल्याच देशात दारोदार हिंडून देणगी मागत. त्या पैशावर वसतिगृहे, बालवाड्या चालवल्या त्या इथल्या माणसांनी.

आणि आपण तरी काय करतो? गळीत हंगामात बीडकडच्या टोळ्या कारखान्यांवर येतात. कोप्यांपुढे गाडी उभी करून आपली मंडळी पोराचा वाढदिवस साजरा करतात. बिस्किटाचा पुडा, फोटो, की चालले. पोराला शाळेत पोचवायला दुसऱ्या दिवशी कोण जातो? राग येईल, पण आमच्या नातवाचाही एक वाढदिवस असाच झाला आहे.

तेव्हा कमिटीने पत्राचे उत्तर लिहिले आहे, ते थोडक्यात सांगतो. दोन आठवड्यांसाठी मुलांच्या वर्गावर कुणालाही घेता येणार नाही. मुलांचे फोटो मिळणार नाहीत. आपल्या गावी राहून संध्याकाळच्या शिक्षिकेचे वर्षभराचे मानधन जमवलेत तर आनंद आहे, हिशेब पाठवू. ज्याला पूर्ण शालेय वर्ष राहून मराठी शिकायची आहे त्याने खुशाल यावे. पोलीस पडताळणी आपल्या माणसांची होते तशीच त्याचीही होईल.

आता ते येणार नाहीत म्हणजे काम आपल्यावर आले. जूनपासूनच्या शनिवार-रविवारच्या वर्गासाठी आतापर्यंत नऊ नावे आली आहेत, त्यांत बायका सात. पुरुष मंडळींनी लक्ष द्यावे. वर्षभराची तयारी असेल त्यांनीच नाव घालावे. बालसंगोपनाचे अर्ज भरून द्यायलाही दोघे हवेत. वही बाहेर चपलांजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधले आहे.

जयभीम.