थॉमसनच्या मुलखात

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी सॉफ्टवेअरमधल्या संधींवर बोलेन असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यातलं आता आपल्या मुलांनाच आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हटलं, द्राक्षावर बोलते. ते खूश झाले. मग म्हटलं, कॅलिफोर्नियातल्या द्राक्षावर आणि त्याच्या वाइनवर. फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ते का गप्प झाले ते मला कळतं. समोर आपले सर आणि बाई बसल्या आहेत. शिवाय दारूनं घरं कशी बसतात हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडली आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायला मी उभी नाही. वाइनमध्ये तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बिअरच्या दुपटीहून जास्त. ती हृदयाला चांगली, औषधी, वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं त्यावर जाऊ नका. ज्याला घ्यायची नाही त्यानं घेऊ नये. पण इथे बसलेल्यांपैकी निम्मे द्राक्ष बागाईतदार आहेत. द्राक्षाच्या दुसऱ्या मुलखातली माणसं आपलं पीक कसं पिकवतात, कसं चाखतात आणि कशाशी खातात, हे तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

मी राहते सॅन होजेजवळ. तिथून उत्तरेला गाडीनं दोन तासांवर सोनोमा काउंटी लागते. शेजारची नापा जास्त प्रसिद्ध आणि जास्त महाग. तिथे वायनऱ्या राजवाड्यासारख्या बांधल्या आहेत, आणि मला तिथे लग्नाला आल्यासारखं वाटतं. सोनोमात अजून शेतावर गेल्यासारखं वाटतं. हील्ड्सबर्ग नावाचं गाव आहे, मध्ये चौक, चौकात झाडं, आणि गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना बागा. ड्राय क्रीक खोऱ्यात १८८१ सालापासून चालू असलेलं एक किराणा दुकान आहे. त्या दुकानात सँडविच बांधून घ्यायचं आणि बागेच्या कडेला बसून खायचं, हा आमचा बेत असतो.

आता बागेचं सांगते. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे डावणी नाहीच म्हटलं तरी चालेल. भुरी मात्र आहे, आणि तिच्यावर गंधक मारतात. (इथे टाळ्या येतील असं वाटलं नव्हतं!) दुसरं म्हणजे छाटणी वर्षातून एकदाच. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. तिथे हिवाळ्यात वेल पानं टाकून चक्क झोपते. जानेवारीत गेलात तर नुसती काळी खोडं दिसतात, पोरका मुलूख वाटतो. मार्चमध्ये डोळे फुटतात आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. थोडक्यात, आपली गोडी छाटणी सुरू होते तेव्हा त्यांची बाग रिकामी होत असते.

ड्राय क्रीकमधलं मुख्य वाण झिनफँडेल. त्याच्या काही बागा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लावलेल्या आहेत आणि अजून फळ देतात. तार नाही, मंडप नाही. प्रत्येक वेल एखाद्या ठेंगण्या झुडपासारखी आपल्या पायावर उभी. खोड मांडीएवढं, वाकडंतिकडं. काही बागांना वरून पाणीही देत नाहीत. एकरी दोन-तीन टन माल निघतो. आपल्याकडे एवढा माल निघाला तर बाग तोडून टाकतील. पण त्या दोन-तीन टनांची बाटली वेलीचं वय सांगत विकली जाते. लेबलावर 'ओल्ड व्हाइन' लिहिलेलं असतं, खाली बागेचं नाव आणि साल.

या झिनफँडेलची एक मजा आहे. शंभर-दीडशे वर्षं कॅलिफोर्नियाचे लोक त्याला आपलं घरचं वाण समजत होते. मग डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरल मेरेडिथ यांनी क्रोएशियन संशोधकांबरोबर डीएनए तपासले आणि २००१ साली कळलं की हे क्रोएशियातलं, किनाऱ्यावर जेमतेम उरलेलं एक जुनं वाण आहे. घरचं म्हणून वाढवलेलं पोर दूरच्या गावचं निघालं.

आपलंही तसंच आहे. आपण लहानपणापासून ज्याला 'थॉमसन' म्हणतो, ते बिनबियांचं द्राक्ष मूळचं पश्चिम आशियाकडचं. पण नाव मिळालं विल्यम थॉमसन या इंग्लंडहून आलेल्या माणसावरून. त्यानं ते १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सटर काउंटीत वाढवलं. त्यातूनच तासगावच्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश निवडलं आणि सोलापूरकडे सोनाका निघालं. आणि तुम्ही ज्या डॉगरीजच्या खुंटावर कलमं भरता तो खुंट टेक्सासचा. उलट दिशेनंही माणसं आली. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून नाशिकला आले आणि २००० साली त्यांची सुलाची पहिली वाइन बाजारात आली. त्यांना वाइन करायला शिकवणारे केरी डॅमस्की कॅलिफोर्नियाचेच. तेव्हा हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही.

चाखायचं कसं, हे आधी मलाही नवीन होतं. टेस्टिंग रूममध्ये पैसे भरून चार-पाच वाइन ओळीनं देतात, हलकीपासून जडपर्यंत. प्रत्येकीचा दोन-तीन घोटांपुरताच थेंब. समोर एक भांडं ठेवलेलं असतं. घोट तोंडात घोळवायचा आणि हवा तर त्यात थुंकायचा. कुणी वाईट मानत नाही, उलट जाणकार माणूस समजतात. गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकायचंच. आमच्यात पाळी ठरलेली असते, आणि माझी पाळी असते तेव्हा मी फक्त वास घेते. खरं तर अर्धी वाइन वासातच असते.

चाखताना मला आपल्या बागाईतदारांची आठवण येते, कारण तिथेही गप्पा ब्रिक्सच्याच. आपण खायचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला तोडतो. झिनफँडेल पंचवीसच्या आसपास जाऊ देतात. मणी लहान, आत बिया. खायला घेतलं तर गोडीनं घसा धरतो. ती सगळी साखर पुढे अल्कोहोल होते, म्हणून झिनफँडेल पंधरा टक्क्यांपर्यंत चढतं. तिथून तासाभराच्या आत रशियन नदीच्या खालच्या अंगाला जा, पॅसिफिकचं धुकं रोज संध्याकाळी खोऱ्यात शिरतं आणि सकाळी उशिरा उठतं. त्या गारव्यात पिनो न्वार आणि शार्डोने होतात, आंबटपणा राखून. एकाच काउंटीत दोन हवा, दोन चवी. १९७६ साली पॅरिसमध्ये डोळे बांधल्यासारखी, लेबलं झाकून वाइनची परीक्षा झाली आणि फ्रेंच परीक्षकांनीच नापाच्या शातो माँतेलेनाच्या शार्डोनेला पहिला नंबर दिला. त्यातली बरीचशी द्राक्षं सोनोमातली होती. हे सोनोमाचे लोक तुम्हाला पाच मिनिटांत सांगतात. निफाडचा माल नाशिकच्या नावावर विकला गेला की आपल्याला जसं लागतं, तसंच.

आणि जेवण. वाइन नुसती प्यायची गोष्ट नाही, हे मी तिथे शिकले. ऑगस्टमध्ये सेबॅस्टोपोलला ग्रॅव्हनस्टाइन सफरचंदं येतात. आंबटगोड, पातळ सालीची, टिकत नाहीत म्हणून दूर जात नाहीत. त्यांच्या कितीतरी बागा काढून लोकांनी द्राक्षं लावली, हे दुःख तिथले म्हातारे अजून सांगतात. शेळीच्या दुधाचं मऊ चीज मिळतं. आंबवलेल्या पिठाचा पाव, आपल्या आंबोळीच्या जवळचा वास असलेला. उन्हाळ्यात टोमॅटो इतके गोड की वर मीठ सोडून काही लागत नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावर डंजनेस खेकडे येतात, त्यांच्याबरोबर गार शार्डोने. सगळं वीस-तीस मैलांच्या आतलं. वाढणारा माणूस सांगतो, चीज अमक्या शेतावरचं, टोमॅटो तमक्याचे.

आपल्या जेवणाबरोबर काय चालतं, हे विचाराल म्हणून सांगते. ठेचा आणि कॅबर्ने सोव्हिन्यो एकत्र आणू नका. वाइनचा तुरटपणा आणि मिरची एकमेकांना भडकवतात, आणि अल्कोहोल जास्त असेल तर जाळ आणखी वाढतो. तिखटाला गार, किंचित गोडसर पांढरी वाइन बरी, गेवुर्ट्सट्रामिनरसारखी. भरली वांगी मात्र, शेंगदाण्याचं कूट जास्त आणि तिखट बेताचं घालून, झिनफँडेलबरोबर फार छान लागतात. हे मी घरी पुष्कळदा करून पाहिलं आहे.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये आई-अण्णा आमच्याकडे आले होते. अण्णांना तुमच्यातले बरेचजण ओळखतात. माळकरी माणूस, चाळीस वर्षं द्राक्षबाग केली, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. त्यांना वायनरीत न्यावं की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तेच म्हणाले, "बाग आहे ना? मग चल."

आम्ही एका लहान मळ्यावर गेलो. मालक सत्तरीचा, इटालियन वंशाचा, आजोबांपासून बाग करणारा. अण्णा सरळ वेलीपाशी गेले, खोडावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, खुंट कोणता?" मग तासभर मी नुसती दुभाषी. पाणी किती, एकरी माल किती, मजूर मिळतात का, व्यापारी पैसे वेळेवर देतो का. शेवटचा प्रश्न भाषांतर करताना मालक हसायला लागला. म्हणाला, हा प्रश्न सगळीकडे सारखाच दिसतो.

मग त्यानं २०२०चं सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये विजा पडून वणवे लागले, सप्टेंबरात पुन्हा लागले, आणि आठवडेच्या आठवडे खोऱ्यात धूर. आग त्याच्या बागेपर्यंत आली नाही. पण धुरातली काही द्रव्यं सालीतून द्राक्षात शिरतात आणि साखरेला चिकटून बसतात. द्राक्ष खाल्लं तर कळतही नाही. आंबवताना ती सुटतात आणि वाइनला विझलेल्या चुलीतल्या राखेची चव येते. प्रयोगशाळांत नमुन्यांची रांग लागलेली, म्हणून लोक बादलीत थोडी द्राक्षं आंबवून स्वतःच चाखून बघत होते. त्याच्या बादलीनं राख दाखवली. वायनरीनं माल घेतला नाही. सगळी बाग न तोडता तशीच राहिली.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना २०१४ची गारपीट सांग." मी सांगितली. फेब्रुवारी-मार्च, तोडणीला आलेला माल, दहा मिनिटांत जमिनीवर. मालक उठला, आतून एक पेला आणला, तळाशी दोन घोट झिनफँडेल. मी म्हटलं, ते घेत नाहीत. अण्णांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "वासाला माळ आड येत नाही." दोनतीनदा वास घेऊन म्हणाले, "जांभूळ. आणि थोडी मिरी." टेस्टिंगच्या कागदावर जवळपास तेच छापलेलं होतं.

एक गोष्ट लेबलावर कधीच नसते, तीही सांगते. काढणी रात्री होते, गारव्यात, डोक्याला दिवे बांधून. तोडणारे बहुतेक मेक्सिकोतून आलेले. काहींचा व्हिसा एच-टू-ए असतो, हंगामापुरता. मी त्या देशात आले ती एच-वन-बीवर. अक्षर तेच, पण मला घर घेता आलं आणि तिथेच राहता आलं. त्यांना हंगाम संपला की परत जायचं असतं. पेल्यातल्या मिरीची तारीफ करताना हे विसरायला होतं, आणि टेस्टिंग रूमची सगळी सजावट आपण ते विसरावं अशीच असते.

सध्या तिथे बरं चाललेलं नाही. लोक वाइन कमी प्यायला लागले आहेत. २०२४ साली कितीतरी मळेवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही आणि चांगली द्राक्षं वेलीवरच राहिली, या वेळी धूर नसताना. काही जण बागा उपटताहेत. हे ऐकून मागच्या बाकावरचे जे दोघंतिघं एकमेकांकडे बघताहेत, त्यांनी २००९ नंतर आपल्याकडे वाइनची द्राक्षं उपटली होती, हे मला ठाऊक आहे. वायनऱ्यांनी माल नाकारला, आणि वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. करार असतो तोवर राजा. तेव्हा सोनोमासारखं करा, असं मी कुणाला सांगणार नाही. त्यांचा मला हेवा वाटतो तो एवढाच, की खाणारा-पिणारा तिथे विचारतो, हे कुणाच्या बागेतलं? आपल्या मुंबईच्या गिऱ्हाइकानं पेटी उघडून हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकला नाही.

तिकडे येणार असाल तर सप्टेंबरात या. द्राक्ष वेलीवर असतं आणि सफरचंदंही थोडी उरलेली असतात. घरी जागा आहे, स्वयंपाक आपलाच असेल.

आज बाटली आणलेली नाही, सर, काळजी नसावी. सोनोमा गावचं ड्राय जॅक चीज आणलंय, वरून कोको आणि मिरी चोळून महिनोन्‌महिने वाळवलेलं, जुन्या गुळाच्या ढेपेसारखं कडक. जेवणाच्या मंडपात पुरणपोळीच्या टेबलाशेजारी ठेवलंय, आणि त्याच्या शेजारी आपल्या पिंपळगावचे बेदाणे. दोन्ही एकदम तोंडात टाकून बघा.