शफल बंद करा, मग ऐका

आजचा भाग गावाकडून रेकॉर्ड करतोय, अंबाजोगाई तालुक्यातून. मागे मोटारीचा आवाज आला तर सांभाळून घ्या, थ्री-फेज लाईट आत्ताच आलीय.

आजचा अल्बम 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ साली मुंबईत एचएमव्हीसाठी रेकॉर्ड झालेला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि जिच्यासाठी हा भाग करतोय ती गिटार, ब्रिजभूषण काबरा यांची. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीतांच्या सुरुवातीच्या काळातले गायक. शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघांचा जन्म १९३८ चा. एकोणतिशीत हे करून बसले होते! मी त्याच वयाचा, आणि काल दिवसभर एक बग शोधत होतो.

यात शब्द नाहीत. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगितलाय. सकाळी अहिर भैरव, संध्याकाळी भूप, शेवटी पहाडी. शफल चालू ठेवलात तर त्या बिचाऱ्याची रात्र सकाळच्या आधी होईल.

आमचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी हॉस्टेलवर असताना गिटार घेतली, तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, "त्याच्यात आपलं काही वाजत नसतंय." वाद घालून घालून शेवटी आम्ही तो विषयच सोडला होता. परवा ओसरीवर फोनवर भूप लावला. ते चहा पीत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "काय वाजायलंय रे हे? वीणा हाय का?"

"गिटार आहे," म्हटल्यावर कप खाली ठेवला.

मग समजावून सांगितलं. आपल्या साध्या गिटारला पडदे असतात, बोट दाबलं की ठरलेलाच सूर. काबरा ती आडवी ठेवून वाजवायचे. तारा उंच, आणि वरून पोलादी कांडी सरकवायची. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाता येतं, म्हणजेच मींड. काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. सरोदला पडदेच नसतात, तेव्हा गिटारीत ही ओढ कुठून आली असेल ते कळतं. याच वाटेवरचा, पण दोन गिटारींचा अल्बम हवा असेल तर विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐका. १९९३ चा आहे, ग्रॅमी मिळालेला.

वडील जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या पेटीतून नाही निघत हे. पट्टी सोडली की सूर तुटतो. तुझी आण बरं."

स्टीलचा चमचा घेऊन बसलो. नुसता खरखराट! मग तारांखाली पेन्सिल सरकवून त्या उंच केल्या, तेव्हा कुठं सूर सरकला. आता रोज जेवणं झाली की ते पेटीवर 'सा' धरतात आणि मी चमचा. 'ग'पर्यंत पोचलोय. सोमवारी पुण्याला परत जायचंय, तर गिटार इथंच ठेवून जा म्हणतात.