इतिवृत्त लिहिणारा तरुण



वॉर्साच्या घेट्टोचं नाव काढलं की भिंत आणि भूक आठवते. ते खरंच आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी ती वस्ती बंद केली आणि जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून अधिक ज्यू कोंबले. टायफस आणि उपासमारीनं माणसं रस्त्यावर मरत. पण आज मी तुम्हाला तिथल्या एका कचेरीत नेणार आहे.

मार्सेल राईश-रानित्स्की हा पुढे जर्मनीतला सर्वांत दरारा असलेला समीक्षक झाला. १९४२ मध्ये तो बावीस वर्षांचा होता. शिक्षण बर्लिनमध्ये झालेलं, १९३८ साली पोलंडला हाकललेला. जर्मन आणि पोलिश दोन्ही भाषा येत, म्हणून घेट्टोचा कारभार पाहणाऱ्या ज्यू मंडळात तो भाषांतराचं काम बघायचा. शिवाय टोपणनावानं मैफिलींची परीक्षणं लिहायचा. हो, घेट्टोत वाद्यवृंद होता! वादक उपाशी, श्रोतेही उपाशी.

२२ जुलै १९४२ रोजी एसएस या नाझी दलाचा अधिकारी हेर्मान होफ्ले मंडळाच्या कचेरीत आला. इतिवृत्त लिहायला राईश-रानित्स्कीला बोलावलं. लघुलेखन येतं का? नाही. मग भरभर लिहिता येईल? येईल. खिडक्या उघड्या होत्या. खाली रस्त्यावर एसएसचे जवान ग्रामोफोनवर श्ट्राउसचे वॉल्ट्झ ऐकत होते. होफ्ले सांगत गेला: ज्यूंना पूर्वेकडे हलवणार, माणशी पंधरा किलो सामान, तीन दिवसांचा शिधा, दागिने आणि पैसे बरोबर घ्यावेत. पूर्वेकडे मरण वाट पाहतंय, याचा उल्लेख कुठेच नाही. मग कोणाला सूट, त्याची यादी. मंडळाच्या कर्मचाऱ्यांना सूट, त्यांच्या बायका-मुलांनाही.

तरुणानं ते पोलिशमध्ये सांगायला सुरुवात केली आणि गुस्तावा यारेत्स्का टाइप करू लागली. ती स्वतः कादंबरीकार. बायकांचं कलम आलं तेव्हा हात न थांबवता, मान वर न करता ती हलकेच म्हणाली, तोशाशी आजच्या आज लग्न कर. त्यानं आपल्या प्रेयसीला, तोशाला, निरोप धाडला. त्याच दिवशी लग्न लागलं.

मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकूफ यांनी दुसऱ्या दिवशी विष घेतलं. मंडळाच्या माणसांना सरसकट फितूर म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेली, त्यांत या तरुणाचे आईवडीलही होते. तो आणि तोशा १९४३ च्या सुरुवातीला निसटले. एका पोलिश कुटुंबानं त्यांना लपवलं. तिथे रात्री सिगारेटी वळताना तो यजमानांना नाटकं-कादंबऱ्यांच्या गोष्टी सांगायचा.

२७ जानेवारी २०१२ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, तो जर्मन संसदेत बोलायला उभा राहिला. इतिहासकार म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. बोलला मुख्यतः त्या एका जुलैच्या दिवसाबद्दल. विशेषणं जवळजवळ नाहीतच. मला वाटतं, इतिवृत्त लिहिणाऱ्याची शिस्त त्याच्या आठवणींतही उतरली होती.

आणि गुस्तावा? जानेवारी १९४३ मध्ये तिला दोन्ही मुलांसह ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवलं. पण त्याआधी तिनं इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम यांच्या घेट्टोतल्या गुप्त दप्तरासाठी एक लेख लिहिला होता. ते दप्तर पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरलेलं होतं. त्यातला बराच भाग १९४६ आणि १९५० साली ढिगाऱ्याखालून निघाला. हुकूम टाइप करणाऱ्या बाईनं त्या लेखाच्या मथळ्यातच लिहिलं होतं, की या स्थलांतराचा शेवटचा टप्पा मृत्यू आहे.