वेग कोठे अडतो?

यंत्र मंद चालू लागले की ते बदलावे, हा विचार मनुष्याच्या मनात सहज येतो. संगणकाच्या बाबतीत तर तो हटकून येतो. इंटरनेटवरील पान पडद्यावर उमटण्यास विलंब लागला की नवा संगणक घेण्याचा बेत ठरतो. आणि बेताच्या मिळकतीच्या घरात तो बेत पुष्कळदा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या पैशांतून पार पडतो. म्हणूनच विलंब नेमका कोठे होतो, हा प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच विचारावयास हवा.

इंटरनेटवरील पान घरच्या संगणकात तयार पडलेले नसते. त्याची मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाते; तेथून मजकूर, चित्रे आणि आज्ञावली येतात; मग घरचा संगणक त्यांची जुळणी करून पान मांडतो. म्हणजे कामाचे दोन भाग झाले : एक वाटेवरचा, दुसरा घरातला. गिरणी कितीही वेगाने दळणारी असो, धान्याची गाडी घाटात अडकली असेल तर पीठ वेळेवर मिळणार नाही. उलटपक्षी, दारात पोत्यांची थप्पी लागली असेल आणि जाते एकच असेल, तर रस्ता रुंद करूनही उपयोग नाही.

१९६७ साली जीन ॲम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्यासंबंधी जो युक्तिवाद केला, त्याचे सार येथे लागू पडते : कामाचा जो भाग सुधारला, त्याच्या वाट्यापुरताच लाभ होतो. समजा, एखादे पान उमटण्यास ५ सेकंद लागतात. पैकी ४ वाटेत जातात आणि १ घरात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तरी साडेचार सेकंद लागणारच. तेच ४ सेकंद घरात जात असतील, तर मात्र ५ चे ३ होतील.

वाटेवरच्या विलंबाला निसर्गाचीही मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तेव्हा एका खेपेस, जाऊन येऊन, निदान एक अष्टमांश सेकंद हवाच, आणि एका पानासाठी अशा अनेक खेपा होतात. गूगलमधील माइक बेल्शी यांनी २०१० साली दाखविले की जोडणीची क्षमता ५ मेगाबिटांवरून १० वर नेली, तरी पाने सुमारे ५ टक्केच लवकर उमटतात. प्रत्येक खेपेचा वेळ कमी केला, तर मात्र लाभ सातत्याने वाढतो. याच कारणाने मोठी संकेतस्थळे आपल्या मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या शहरांत ठेवतात.

परंतु घरातला भागही क्षुल्लक नाही. १९९१ सालची पाने बहुधा साधा मजकूर होती. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली आणि पुढे पान म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा एक कार्यक्रमच झाला. दहा-वीस पाने एकदम उघडी ठेवली की ४ गिगाबाइटांची रॅम भरून जाते, आणि संगणक तिच्यातील ऐवज डिस्कवर हलवू लागतो. फिरती हार्ड डिस्क रॅमहून हजारो पटींनी मंद असते. असे होत असेल, तर रॅम वाढविणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा नव्या यंत्राहून पुष्कळ स्वस्त आणि गुणकारी उपाय ठरतो.

दोष ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तेच पान चटकन उमटले, तर संशय संगणकावर घ्यावा. तेथेही रखडले, तर वाटेवर. राउटरला संगणक तारेने जोडताच वेग वाढला, तर अडचण मधल्या भिंतींची आहे. इंटरनेट बंद असतानाही साधी फाइल उघडण्यास वेळ लागत असेल, तर दुखणे घरातलेच. आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळावरच गर्दी उसळली असेल, तर श्रीमंताचा नवा संगणक आणि गरीब विद्यार्थ्याचा जुना, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. त्या विद्यार्थ्याला चार दिवस आधी अर्ज भरण्याचा सल्ला द्यावा. तो कोणत्याही प्रोसेसरहून अधिक उपयोगी पडेल, आणि त्याला पैसाही पडत नाही.