नव्वद भागिले दहा

आमच्या यावल तालुक्यात केळीखालोखाल गप्पा कापसाच्या. परवा ओट्यावर आप्पा म्हणाले, "मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ला क्विंटलला ३,७५० रुपये होता, २०२४-२५ला ७,१२१ झाला. दहा वर्षांत जवळजवळ नव्वद टक्के, म्हणजे वर्षाला नऊ! माझ्या कर्जाचं व्याजही नऊच. फिटंफाट!"

मी वही काढली. दरसाल नऊ टक्के म्हणजे भावाला दहा वेळा १.०९ने गुणायचं, कारण पुढची वाढ आधीच्या वाढलेल्या भावावर चढते. तसं गुणलं तर भाव ८,८७८ यायला हवा. मग उलटं जाऊ. ७,१२१ला ३,७५०ने भागलं की १.९ येतात. याचं दहावं मूळ साधारण १.०६६. (शाळेतले घातांक ते हेच, आता मोबाइलवरही निघतं.) म्हणजे खरी वाढ वर्षाला ६.६ टक्के. नऊ टक्के चक्रवाढीचं कर्ज मात्र थकलं, तर दहा वर्षांत शंभराचे २३७ होतात. भावात शंभराचे १९०च झाले.

आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "वही राहू दे इथंच. खत-मजुरीचे जुने आकडे घरी डायरीत आहेत, तेही मांडू."